पुट्टीखालचा नंबर

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, आयुष्यभर गाड्या रंगवत आले. गॅरेजमध्ये त्यांना 'गुळगुळीत' म्हणत, तेही तोंडावर. त्यांचा डोळ्यांवर विश्वास नाही. डोळे मिटून पत्र्यावरून बोटं फिरवायची, खडबडीत लागेल तिथे पुट्टी भरायची, घासायची, पुन्हा बोटं फिरवायची. घरच्या कपाटावरचा ओरखडासुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

गॅरेजचा एक नियम होता. रंगाऱ्यानं तयार झालेली गाडी वळणावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायची, उन्हात रंग बघायचा आणि परत फिरायचं. त्यापुढे नाही, कारण गाडी दुसऱ्याची. लग्नानंतर मावशी एकदा हट्टानं काकांच्या शेजारी बसली होती, तीही टाकीपर्यंतच. पुढचा रस्ता तिनं बसच्या खिडकीतूनच पाहिला, आणि गुडघे धरल्यापासून बसची पायरीही सुटली.

असा माणूस निवृत्त झाल्यावर भंगाराच्या आवारातून एक गाडी ओढून आणतो, तेव्हा मला कसं राहवणार? मला चौकशीची सवय आहे. लोक तिला भोचकपणा म्हणतात, म्हणोत. गाडीला पुढचा दिवा नव्हता, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता.

"काका, हिच्यात पाहिलंत तरी काय?"

"दार मोठं आहे," काका म्हणाले. "सीट उंच आहे. गुडघे फार न वाकवता बसता येतं."

गाडी चालू करणं सोपं निघालं. ती आपली आहे हे सरकारदरबारी पटवताना मात्र नाकी नऊ आले. जुने कागद हरवलेले, जुन्या मालकाचा पत्ता नाही. शेजारी म्हणाले, खटारा तो, त्याला कोण अडवतंय? मीही तेच म्हटलं.

"कागदाशिवाय फिरवायची, तर टाकीपर्यंतच फिरवत होतो ते काय वाईट होतं?" काका म्हणाले.

भंगारवाल्यानं विक्रीच्या पावतीवर गाडीचा चॅसिस नंबर लिहून दिला होता, म्हणजे कारखान्यात पत्र्यावर ठोकलेला. त्यावरून आरटीओ कचेरीनं नोटीस लावली, की कुणाचा हक्क असेल तर सांगा. मला त्या जुन्या मालकाचं फार कुतूहल. पुढच्या खणात केसांची एक पिन आणि बसच्या तिकिटांचा गठ्ठा सापडला होता. गाडीवाल्याला बसची तिकिटं कशाला लागावीत? हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. तो माणूस यावा असं मला वाटायचं, आणि आला तर गाडी जाईल म्हणून येऊ नये असंही वाटायचं. तो आलाच नाही.

नोटिशीची मुदत संपेपर्यंत काका स्वस्थ कसले बसतात? त्यांनी गाडी आतून-बाहेरून रंगवून काढली, गर्द निळी. मग कचेरीतले तपासनीस घरी आले. पावतीवरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळला, की काम संपलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि काचेखालच्या पट्टीवर टॉर्च मारला. पट्टी आरशासारखी गुळगुळीत होती.

"नंबर कुठे गेला?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पट्टी गंजून खडबडीत झालीय असं बोटांना वाटलं, म्हणून त्यांनीच पुट्टी भरून टाकली होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

"नंबर नसलेली गाडी म्हणजे आमच्या लेखी चोरीची," तपासनीस म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण नियम नियम. "ही जप्त होणार, आणि पुढे थेट भंगार चेपायच्या प्रेसखाली."

"गेला नाही साहेब, आत आहे," काका म्हणाले. "घासून दाखवतो."

"जास्त घासलंत तर खरंच जाईल."

"तेच तर," काका म्हणाले. "नेमकं कुठे घासायचं ते आधी कळायला हवं."

मावशीनं फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आणलं. पुट्टी जाड असेल तिथे ते चिकटत नाही. ते पट्टीवर सरकवत नेलं तर मधेच गळून पडलं. नंबर तिथेच असणार. काकांनी पॉलिश पेपर पाण्यात बुडवला, डोळे मिटले आणि एका बोटानं घासू लागले. निळा रंग गेला, मग त्याखालचा राखाडी अस्तराचा थर. आम्ही तिघंही गाडीवर वाकून उभे होतो, तपासनीस तर चहा विसरले होते. मग चकचकीत पत्र्यात पांढरा आकडा दिसला. खोलगट आकड्यांत पुट्टी घट्ट बसून राहिली होती, त्यामुळे ते खडूनं लिहिल्यासारखे वाचता येत होते. शेवटचा तीन की आठ, यावर जरा वाद झाला. मावशीनं जुन्या टूथब्रशनं पुसलं आणि तो आठ निघाला. पावतीवरही आठच होता.

मालकीचे कागद आले, त्या दिवशी मावशी ठेवणीतली साडी नेसून पुढे बसली. गुडघ्यानं कुरकुर केली नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी मागे बसले. पट्टीवरचा तो उघडा तुकडा काकांनी रंगवला नव्हता, नुसतं तेल लावून ठेवलं होतं. एवढा मोठा डाग त्यांनी आयुष्यात कधी सोडला नसेल.

गाडी छान चालली होती. टाकी आली तसे काका हळू झाले. त्यांचा हात आपसूक सिग्नलवर गेला, आणि ते गाडी परत वळवायला लागले.

"अहो, कुठे वळताय?"

काका भानावर आले, पण तसेच थांबून राहिले. मावशीनं हात लांब करून सिग्नल बंद केला.

"सरळ घ्या," ती म्हणाली. "आता आपली आहे."

टाकी मागे पडली, आणि मावशीनं खिडकीची काच खाली केली.