साडूपिंड

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं मोकळेपणानं लिहिता येईल. माझे साडू पोट धरून उभे होते आणि मी त्यांना चमचाभर ओवा देऊन पंगतीत वाढायला लावलं.

माझ्या साडूंइतकं मोठ्यानं दुखणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. लासूर स्टेशनला त्यांचं बियाण्याचं दुकान आहे. तिथं बोटाला सुतळी कापली, तर आरोळी रेल्वेच्या फलाटापर्यंत जाते. शिंक आली की "गेलो!", ठेच लागली की "आता काय वाचत नाय मी!" एकदा खुलताबादच्या चढावर मोटारसायकलवर डोळ्यात चिलट गेलं, तर रस्त्याकडेला बसून त्यांनी दुकान पुढं कोणी चालवायचं ते मला सांगितलं, आणि चिलट निघाल्यावर तिथंच दोन सीताफळं खाल्ली. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, या आरोळ्या कधीच ओळखून ठेवल्यात. "गेलो" असेल तर हातातलं काम सोडायचं नाही. "वाचत नाय" असेल तर चहा टाकायचा.

असा माणूस माझ्या मुलीच्या साखरपुड्याला पुंडलिकनगरला आमच्या घरी आला आणि पंगत बसायच्या आधी मला जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "पाव्हणं, पोटात जरा दुखतंय."

जरा! मला वाटलं, चिलटासाठी निरवानिरव करणारा माणूस 'जरा' म्हणतो, म्हणजे हे दुखणं चिलटाहूनही बारीक असणार. ओवा हातावर ठेवत मी म्हणालो, "साडूभाऊ, आज तरी नाटक नको. जिलबी फिरवा." त्यांनी दोन पंगतींना आग्रह करकरून जिलबी फिरवली. तिसरीला ताटासकट खाली बसले.

दवाखान्यात कळलं, पित्ताचा खडा अडकून स्वादुपिंडाला सूज आली होती. सलाइन लावलेले साडू डोळे मिटूनच म्हणाले, "काय सुजलं म्हंता? साडूपिंड? व्हय, बरोबर हाय. साडूच्या हातचा ओवा खाऊन दुसरं काय सुजंल!" सगळा वॉर्ड हसला. मी सोडून.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई रक्तातली हार्मोनं तपासून बघत होत्या. त्यांनी मला समजावलं, "शरीरावर ताण आला की कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन रक्तात वाढतं. ही सूज किती गंभीर होणार, याचा अंदाज त्यावरून येतो का, ते आम्ही बघतोय. एकट्या त्याच्यावर विसंबत नाही." साडूंचा पहिला आकडा बराच वर निघाला. बाकीच्या तपासण्याही चांगलं सांगत नव्हत्या. बाईंनी विचारलं, "इतकं दुखत असताना हे ओरडले कसे नाहीत?" मला खाली बघावं लागलं. रक्ताला वाढवून सांगता येत नाही, आणि लाजेखातर कमी करूनही सांगता येत नाही.

पुढचे चार दिवस तोंडात पाण्याचा घोट नसलेला हा माणूस सकाळी सकाळी विचारायचा, "बाई, आज आमचं हार्मोन कितव्या मजल्यावर?" पाचव्या दिवशी बाई हसत आल्या. "उतरलं, काका. सूजही ओसरतेय." साडूंनी लगेच माझ्याकडं बोट केलं. "मंग आता ह्या पाव्हण्यांचं रक्त काढा. माझ्यापेक्षा चढं निघंल!"

खरंच निघालं असतं.

घरी सोडताना मी विचारलं, "त्या दिवशी आरोळी का नाही मारली?"

"लेकीचा साखरपुडा व्हता ना," ते म्हणाले. "मी बोंबललो असतो, तर पंगत मोडली असती."

तेव्हाही माझ्या तोंडून माफीचा शब्द फुटला नाही. मुलीच्या लग्नात ते कोपऱ्यात साधा वरणभात घेऊन बसले होते आणि "मीठ कमी हाय, आता वाचत नाय मी!" असं वाढप्याला ओरडून सांगत होते. मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

"साडूभाऊ, तुम्ही 'जरा' म्हणालात आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं. माफ करा. आणि इथून पुढं हळू दुखलं, तरी मला मोठ्यानंच सांगा."