तिसरी पुकार

आमच्या गल्लीतली शिंपीण मावशी इतकी खरं बोलणारी, की गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "कापड आटलं नाही हो, तुम्ही फुगलात." अशा बाईच्या गळ्यात लढाईच्या दिवसांत एक खोटा नवरदेव पडला.

तिच्या खिडकीतून पूल दिसे. शत्रूच्या गाड्या मोजायला आपल्या बाजूचा एक हेर घड्याळजी बनून आला. परका पुरुष रोज जिना चढतो म्हटल्यावर आमच्यासारख्यांच्या जिभा वळवळणारच. म्हणून पाद्रीबाबांनी तोड काढली : लग्न ठरलंय असं सांगायचं. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार पुकार होते, कुणाची हरकत असेल तर बोला म्हणून. तिसऱ्या पुकारीआधी घड्याळजी पूल ओलांडून पसार होणार होता.

दुसऱ्याच रविवारी पूल बंद झाला. त्यातच मावशीकडे कोट शिवायला टाकणारा शत्रूचा कप्तान म्हणाला, "बाई, लग्नाला मी येणार हं. पुढच्या बाकावर बसेन."

झालं! नाही म्हणावं तर घड्याळजी फासावर. हो म्हणावं तर देवासमोर खोटी शपथ.

"म्हणून टाक की," मावशीची आत्या म्हणाली. "देव माफ करतो. आणि नवरा दिसायला काही वाईट नाही."

खरी गोम तीच होती. घड्याळजीच्या लग्नाच्या कोटाचं माप घेताना मावशी पुटपुटली, "तुमचं खरं नाव काय?"

"ते सांगितलं आणि उद्या तुम्हाला धरलं तर?"

"तर मार खाईन. पण भलत्याच नावाच्या माणसाला हो म्हणणार नाही."

"म्हणजे मला म्हणाल?"

मावशीने टाचणी टोचली. "हात वर करा."

नाव काही त्याने सांगितलं नाही.

तिसरी पुकार झाली, लग्नाचा दिवस उजाडला. मी गाणाऱ्यांत उभा होतो, सगळं समोर दिसत होतं. पाद्रीबाबांनी विचारलं, "याचा पती म्हणून स्वीकार करतेस?" मावशी गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. कप्तानाचे बूट करकरले. आत्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना.

तेव्हा घड्याळजी वाकला आणि मावशीच्या कानात काहीतरी बोलला. दोनच शब्द असतील.

"नवरदेव, घाई कसली!" कप्तान हसला.

मावशी पांढरीफटक पडली. मग पढवलेलं नाव गाळून स्वच्छ म्हणाली, "माझ्या शेजारी उभा आहे त्याचा, हो."

कप्तानाला लग्न इतकं आवडलं, की त्याच आठवड्यात तो त्यांच्या खालच्या खोलीत राहायला आला. दोन वर्षं तिथेच. पूल बंद, वर नवरा-बायको, खाली शत्रू, आणि जिन्यातून मावशीच्या हाका त्या खोट्या नावाने. खरं नाव फक्त कानात. केव्हा, ते मी एकदा विचारलं, तर कात्री घेऊन अंगावर आली.