पेठेतली जकात

जुन्नरच्या पेठेत चारचाकी शिरत नाही, म्हणून सगळे पायीच चालतात, आणि पायी चालणारा माणूस कुणाच्याच तावडीतून सुटत नाही. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक सत्तरीचे गृहस्थ बसतात. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. मिशा मात्र कुळकुळीत काळ्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते काठी आडवी धरून विचारतात, ‘‘कुठं चालला, पावणं?’’

एकदा मी चिडून म्हणालो, ‘‘तुम्हाला काय करायचंय?’’

ते मुळीच रागावले नाहीत. ‘‘भाऊ, ही पेठ लई जुनी. कोकणातनं बैलं यायची, तवा नाणेघाटातल्या दगडी रांजणात जकात टाकल्याबिगर माल फुडं येत न्हवता. आमी पैसं मागत न्हाई. कुठं चालला एवढं सांगायचं, हीच जकात.’’

तेव्हापासून मी निमूट जकात भरू लागलो. दळणाला चाललो, दाढीला चाललो, सगळं सांगायचो. पण गेल्या महिन्यात भाचीचं लग्न आलं आणि मला केसांचा कलप हवा होता. पायरीवर बोललो असतो तर लेण्याद्रीपर्यंत बातमी गेली असती. म्हणून मी मागच्या बोळातून, गटार ओलांडत औषधाच्या दुकानाकडे निघालो.

वळणावर समोरून तेच आले. काठी काखेत, हातात कलपाची पुडी. मला बघताच त्यांनी ती घाईघाईनं सदऱ्यात कोंबली.

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, ‘‘कुठं चालला?’’

‘‘हळू बोला की राव,’’ ते कुजबुजले. ‘‘जकात चुकवतोय.’’