सदतिसावं पान

गोपाळ करकंबकर या माणसाने एकतीस वर्षांत सीनातीर विद्यापीठासाठी सव्वा लाख पुस्तकं घेतली आणि त्यातलं एकही वाचलं नाही. ही माझी चहाडी नव्हे, ते स्वतःच अभिमानाने सांगायचे. "वाचत बसलो तर घेऊ कधी, वच्छलाबाई?" असं म्हणायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे. मी चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. त्यामुळे त्यांच्याविषयी बरं-वाईट बोलायचा हक्क त्यांच्या बायकोच्या खालोखाल माझाच.

आमच्या विभागाच्या पाटीवर 'ग्रंथोपार्जन विभाग' असं लिहिलंय. ते उच्चारताना जीभ अडखळते म्हणून अख्खं विद्यापीठ आम्हाला 'खरेदी' म्हणतं. काम सरळ आहे. कुणाला पुस्तक हवं असेल तर त्याने मागणी चिठ्ठी भरायची. ते आपल्याकडे आधीच आहे का हे आम्ही बघायचं. नसेल तर घ्यायचं, असेल तर चिठ्ठी परत. हे बघायला इतर ठिकाणी संगणक असतो. आमच्याकडे करकंबकर सर होते. चिठ्ठी हातात आली की ते डोक्यावरच्या पंख्याकडे बघत, क्षणभर थांबत आणि निकाल देत. "आहे." किंवा "नाही." वर नोंदवहीतला दाखल क्रमांकही सांगत. मी नवी असताना रोज चोरून संगणकावर पडताळायची, कधीतरी चुकतील म्हणून. वर्षभर चुकले नाहीत, तेव्हा नाद सोडला.

एकदा एक प्राध्यापक स्वतःच लिहिलेल्या पुस्तकाच्या दहा प्रती घ्या म्हणून आले. सरांनी पंख्याकडेसुद्धा बघितलं नाही. "आहे. पाच प्रती. पाचही कपाटात." प्राध्यापक पुन्हा आमचा जिना चढले नाहीत.

एकाच पुस्तकाची दुसरी प्रत घेणं त्यांच्या लेखी पाप होतं. "दुसरी प्रत घेतली की तिसऱ्याच एका पुस्तकाला आपण दारातून परत पाठवतो," असं ते म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते मला पटायचंही. पण हाच कायदा ते घरीही चालवत. वहिनी एकदा डोळ्यांत पाणी आणून हसत मला सांगत होत्या, "भाजी आणा म्हटलं की हे पिशवी हातात घेऊन म्हणतात, वांगी आहेत. असतात हो, चार. खाणारी तोंडं सहा." दुसरा कुकर त्या घरात सुनेच्या माहेराहून आला तेव्हाच आला.

त्यांचं दुसरं वेड शिक्क्याचं. पुस्तक आलं की पहिल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का मारतात. शिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावरही मारतात, म्हणजे चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखू यावं. हे आतलं पान गुप्त असतं. आमचं गुप्त पान सदतिसावं, हे कँटीनच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. नवा माणूस रुजू झाला की सर टेबलाच्या तळच्या खणातून खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक काढत. कव्हरवर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं, 'नमुना'. सदतिसावं पान उघडून देत आणि म्हणत, "मारा. खऱ्या पुस्तकावर हात बसल्याशिवाय भीती जात नाही." मीही मारला. माझा पहिला शिक्का तिरका गेला. "आणखी दोन मारा," म्हणाले. तोवर ते पान आधीच्या लोकांनी जांभळं करून ठेवलेलं होतंच. खाली कसल्या तरी चौकटी-चौकटी होत्या. कसल्या, ते मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी कोण विचारतं?

असे हे सर. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि सारं सुरळीत पार पडणार होतं, पण एप्रिलमधल्या एका सकाळी भिंतीला हात लावत लावत गंगम्मा गड्डम आमचा जिना चढून आली.

सोलापुरातल्याच भवानी पेठेतली, तेलुगू विणकराघरची बाई. वय सत्तरीपुढचं, अंगावर सुती इरकल, हातात पाण्याची बाटली. शेजारच्या कॉलेजच्या पोरीने मोबाइलवर आमच्या ग्रंथालयाची यादी उघडून तिला एक पुस्तक दाखवलं होतं. चादरीच्या विणीवरचं. पन्नास वर्षांपूर्वी कुणी एक मास्तर कारखान्यात येऊन कारागिरांचे नक्षे उतरवून घेऊन गेले होते, त्यांनी छापलेलं. नक्षा म्हणजे चादरीवरची नक्षी चौकटीच्या कागदावर मांडतात तो आराखडा.

"माझ्या मालकाचा नक्षा हाय त्यात," ती म्हणाली. "मोराचा. खाली नाव छापलंय म्हणायचा. चाळीस वरसं सांगत हुता समद्यास्नी. चहाच्या टपरीवर लोक हसायची की त्याला. यल्लय्याचं नाव पुस्तकात, म्हणायची, आन् टाळ्या द्यायची."

"मग तुम्हाला वाचायचंय ते?" मी विचारलं.

"वाचाय कुटं येतंय मला मराठी? पन पगाराला सही मराठीत करायचा की त्यो. तेवढी सही वळखती मी. डोळ्यात काचबिंदू झालाय. डाक्टर म्हनला, गेलेली नजर माघारी येत न्हाय. हाय तवर एकदा बघती. माणूस खोटं बोलत हुता का खरं, तेवढं कळू दे."

मी चिठ्ठी भरून सरांपुढे धरली. पंखा. क्षणभर. "आहे," सर म्हणाले आणि दाखल क्रमांक सांगितला. गंगम्माने हात जोडले. सरांना बघून मला त्या दिवशी अभिमान वाटला, हे कबूल करते.

कपाटात पुस्तक नव्हतं.

शेजारच्या कपाटात नव्हतं, बांधणीला गेलेल्या गठ्ठ्यात नव्हतं, कुणाच्या नावावर नव्हतं. संगणक म्हणे 'उपलब्ध'. म्हणणारच, त्याच्यात माहिती सरांच्याच नोंदवहीतून भरलेली. गंगम्मा जूनमध्ये आली, गणपतीत आली, दिवाळी झाल्यावर आली. दर वेळी भिंतीवरचा तिचा हात जास्त घट्ट. दिवाळीनंतर आली तेव्हा माझ्याशी बोलताना ती माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होती.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी टेंभुर्णीची. आमच्याकडे हायवेवर ट्रकवाल्यांशी हुज्जत घालतच पोरी मोठ्या होतात. पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी फोनवरून त्याच पुस्तकाची प्रत हुडकून काढली आणि सरांच्या टेबलावर मागणी आपटली.

"घेता येणार नाही," सर म्हणाले. "आपल्याकडे आहे."

"सर, आठ महिनं झालं हाय हाय म्हणताय. हाय तर दावा की!"

राग आला की माझी भाषा गावाला जाते. सर शांतच. "हरवलं असं मी लिहून दिलं तरच दुसरी प्रत घेता येते. आणि माझ्या विभागात आलेलं पुस्तक हरवत नाही, वच्छलाबाई."

"मी माझ्या पैशानं घेती."

"तुम्ही घ्या. पण मग ते पुस्तक ग्रंथालयाचं नाही." असं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. त्या चष्म्याचा मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याला फोन केला, तर प्रत विकली गेली होती. त्या दोन दिवसांची लाज मला अजून वाटते. त्यांच्या हट्टापुढे माझा रुसवा काही कमी मूर्ख नव्हता.

फेब्रुवारीअखेर सर निवृत्त होणार होते. शेवटच्या आठवड्यात कार्यभार देण्याघेण्याचं काम निघालं. विभागातली एकेक वस्तू सरांनी दाखवायची आणि मी यादीवर बरोबरची खूण करायची. टेबलं चार. कपाटं सात. शिक्के तीन. छिद्रयंत्र एक. नमुना प्रत एक.

"हिचा दाखल क्रमांक?" मी विचारलं. पुस्तक म्हटलं की क्रमांक लागतोच, हे त्यांनीच शिकवलेलं.

सरांनी पंख्याकडे बघितलं. माझ्या चौदा वर्षांत पहिल्यांदाच पंख्याने उत्तर दिलं नाही. "कव्हर काढून बघा," म्हणाले.

मी खाकी कागद सोडवला. आत कापडी बांधणी, पुठ्ठ्यावर उडालेली सोनेरी अक्षरं, आणि पहिल्या पानावर तो क्रमांक. गेले दहा महिने मी झोपेत बडबडत होते तो.

सरांचा चेहरा काय उजळला! टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघा! म्हटलं होतं ना मी? आहे!" तीस वर्षांपूर्वी, ज्याला कुणीच विचारत नाही असं एक पुस्तक नमुन्यासाठी त्यांनी स्वतः निवडलं होतं. त्यावर कव्हर घातलं आणि त्यानंतर त्यांच्या लेखी ते पुस्तक राहिलंच नाही, नमुना झाला. नोंदवहीत मात्र 'आहे' तसंच राहिलं. चूक म्हणावी तर यात कुठला नियम मोडला, हे आमच्या कुलसचिवांनाही सांगता येणार नाही.

मग मी सदतिसावं पान उघडलं.

चौकटीचा नक्षा. त्यात मोर असावा. मान कुठे, पिसारा कुठे, काही कळत नव्हतं. सगळीकडे गोल जांभळे शिक्के, एकावर एक. सव्वीस माणसांनी हात बसवून घेतलेले. पानाच्या तळाशी 'नक्षाकार' एवढा शब्द सुटा राहिलेला, आणि त्याच्यापुढे चार शिक्क्यांचा डाग. त्यांतला एक शिक्का तिरका होता. तो मी ओळखला.

सर पानावर वाकले. चष्मा पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग उठून पुस्तक पिशवीत घातलं आणि म्हणाले, "चला. पत्ता आहे ना तुमच्याकडे?" ग्रंथालयाबाहेर पुस्तक नेताना त्यांनी सही केली नाही. मी बघितलं आणि गप्प बसले.

भवानी पेठेत गंगम्माची खोली अरुंद, दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट. ती पलंगावर बसली होती. आम्ही आलोय हे तिने आवाजावरून ओळखलं. शेजारची ती पोरगी कॉलेजला गेलेली. सरांनी पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. ती वाकली, नाक पानाला टेकेपर्यंत वाकली, मान इकडून तिकडे फिरवली.

"मला तर समदं निळंच दिसतंय की ओ. गोल गोल काय हाय हे?"

"शिक्के आहेत. विद्यापीठाचे," सर म्हणाले.

"इतकं?"

"इतके."

तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "म्हंजे लई मानाचं पान दिसतंय." तिने पानावर तळवा ठेवला, बाळाच्या पाठीवर ठेवतात तसा. मग डागावरून बोट फिरवत विचारलं, "नाव हाय का साहेब त्याचं?"

मी सरांकडे बघितलं. तिथे नाव असेल किंवा नसेल. त्या मास्तरांनी छापलं असेल किंवा कारागिराला फसवलं असेल. त्या जांभळ्या चिखलातून एक अक्षरही कुणाला वाचता आलं नसतं, आणि पडताळल्याशिवाय या माणसाने आयुष्यात एक नोंद केली नव्हती. खोलीत पंखा होता, बंद. सरांनी वर त्याच्याकडे बघितलं. क्षणभर थांबले.

"आहे," ते म्हणाले. "यल्लय्या गड्डम, भवानी पेठ, सोलापूर."

गंगम्मा रडली नाही. पुस्तक छातीशी धरून ती भिंतीकडे तोंड करून तेलुगूत मोठ्याने काहीतरी बोलली. नवऱ्याशी बोलली की टपरीवरच्या त्या लोकांशी, ते मला कळलं नाही. माझ्या मात्र डोळ्यांना धार लागली होती आणि ती मी पुसलीही नाही.

पुस्तक तिच्याकडेच ठेवून, रिकामी पिशवी घेऊन आम्ही बाहेर आलो तेव्हा मी विचारलं, "सर, दिसलं तुम्हाला नाव?"

"नाही."

आता तो विभाग माझ्याकडे आहे. मार्चच्या पहिल्याच सोमवारी सर आले, टेबलाच्या पलीकडच्या, लोकांच्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे मागणी चिठ्ठी मागितली. त्यांच्या आयुष्यातली पहिली. पुस्तक तेच. कारणाच्या जागी लिहिलं, 'तपासणी राहिली आहे'. त्याखाली एक रकाना असतो, 'हे पुस्तक ग्रंथालयात आहे काय?' तिथे सरांनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'नाही'. मी ती चिठ्ठी मंजूर केली आणि तेव्हापासून आम्ही दोघं ती दुसरी प्रत शोधतोय.