आठ नंबरचे पाच फाउल

"मॅडम, परत एकदा मोजा ना. ती म्हणतेय चारच झालेत," रेफ्री डिसोझा टेबलावर वाकून म्हणाला.

मी परत मोजले. पाच. पेन टेकवून एकेका खुणेवर थांबत मोजले. पाचच.

आमच्या नेरूळच्या शाळेच्या कोर्टवर चौदा वर्षांखालच्या मुलींची सेमीफायनल चालू होती. शेवटच्या क्वार्टरची दोन मिनिटं राहिली होती. आमची शाळा एक्केचाळीस, बार्शीहून आलेली टीम चाळीस. आणि बार्शीची आठ नंबरची उंच मुलगी कोर्टच्या मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभी होती. बाहेर जायला तयार नव्हती.

मी या शाळेत बावीस वर्षं पीटी टीचर आहे. टूर्नामेंट असली की टेबलावर स्कोअरर म्हणून बसते. काम साधं आहे. कोणी धक्का दिला, हात ओढला की रेफ्री शिट्टी मारतो आणि बोटांनी मला नंबर दाखवतो. मी स्कोअरशीटवर त्या नंबरापुढच्या चौकटीत खूण करते. एका खेळाडूच्या पाच खुणा झाल्या की ती त्या मॅचमधून बाद. चेहरा बघायला वेळ नसतो. नंबर बघायचा, लिहायचं, पुढे.

त्या दिवशी नंबरांचा घोळ सकाळीच झाला होता. दोन्ही टीम नेव्ही ब्लू जर्सीत आल्या. नियमाप्रमाणे आमच्या मुलींनी पांढरी जर्सी घालायला हवी होती, पण आमचा पांढरा सेट प्रिंटिंगवाल्याकडेच अडकला होता. मग आमच्या प्रॅक्टिसच्या पांढऱ्या बिब्स बार्शीच्या मुलींना दिल्या. बिब म्हणजे जर्सीवरून घालायचं बिनबाह्यांचं जाकीट. त्यावर आमचे नंबर होते, म्हणून मी शीटवर त्यांच्या नावांपुढे नवे नंबर लिहून घेतले. आठ, सानिका. अकरा, पल्लवी. वगैरे.

बार्शीचे कोच शिंदे सर हातात शंभर पानी वही घेऊन टेबलापाशी आले.

"ओ मॅडम, मी बी मोजतोय की. पोरीचं चारच झाल्यात. पहिल्या हाफमधी एक, आन् आत्ता तीन."

"सर, माझ्याकडे पहिल्या हाफमध्ये दोन आहेत."

"न्हाई ओ. एकच."

आता दुसऱ्या हाफचे तीन दोघांचे जुळत होते. पहिल्या हाफचा एक जास्त कुठून आला, हे मला कळेना. एखाद वेळी माझी चूक होऊ शकते. पण मी प्रत्येक फाउलला रेफ्रीला नंबर मोठ्याने परत सांगते, ती माझी सवय आहे. डिसोझालाही पहिल्या हाफमध्ये आठ नंबर दोनदा दाखवल्याचं आठवत होतं. मागून पालकांचा आवाज वाढत चालला होता. "अरे क्या हुआ? चालू करो ना!"

तेवढ्यात म्हात्रे सर आले. आमच्या टीमचे कोच आणि शाळेच्या स्पोर्ट्स डिपार्टमेंटचे हेड, म्हणजे माझे साहेब. मूळचे खाडीकाठच्या गावातले. चिडले की गावची बोली वर येते.

"मॅडम, शीटवर पाच हाय ना? मग पोरगी बाहेर. यात बोलायचं काय हाय?"

नियमाने त्यांचं बरोबर होतं. वाद झाला की कोचची वही नाही, माझं शीट धरतात. मी मान हलवायच्याच बेतात होते. पण मला पहिल्या हाफमधला एक फाउल आठवत होता. आठ नंबरच्या मुलीने आमच्या कॅप्टनच्या हातावर फटका मारला होता, आणि मग टाचा उंच करून तिच्या खांद्यावर थोपटलं होतं. त्यावर सगळे हसले होते, म्हणून लक्षात राहिलं. टाचा उंच करून. आणि समोर उभी असलेली ही मुलगी तर माझ्याहून उंच.

मी टेबलामागून उठले. स्कोअररने मॅच चालू असताना सहसा उठायचं नसतं, पण घड्याळ थांबलेलं होतं.

"बाळा, तुझं नाव काय?"

"पल्लवी."

मी शीट पाहिलं. आठ, सानिका.

"मग सानिका कोण?"

लांबच्या बास्केटखाली एका चणीने लहान मुलीने हात वर केला. तिच्या छातीवर अकरा नंबर होता.

"हे कधी बदललं तुम्ही?"

"हाफटाइमला, मॅडम," पल्लवी म्हणाली. "तिला ते लई ढगळं व्हत होतं. सारखं खांद्यावरनं निसटायचं. आन् माझं मला काखंत काचत होतं. मग आमी बदलून घातलं."

"कोणाला सांगितलं का नाही?"

तिने शिंदे सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कापडाचं काय सांगायचं?"

शिंदे सरांनी कपाळाला हात लावला. त्यांनी वहीत नंबर लिहिलेच नव्हते, नावं लिहिली होती. म्हणून त्यांचा हिशेब बरोबर आणि माझंही शीट बरोबर, तरी दोन्ही जुळत नव्हतं.

आता फाउल वेगळे कसे करायचे? हाफ संपला की स्कोअरर शीटवरच्या फाउलच्या खुणांपुढे जाड रेघ मारतो. रेघेआधीचे पहिल्या हाफचे, नंतरचे दुसऱ्या हाफचे. मुलींनी बिब्स हाफटाइमलाच बदलल्या, हे दोघींना वेगवेगळं विचारून खात्री केली. मग रेघेआधीचे आठ नंबरचे दोन सानिकाचे राहिले. रेघेनंतरचे तीन पल्लवीचे. अकरा नंबरचा पहिल्या हाफचा एक पल्लवीचा. म्हणजे पल्लवीचे चार, सानिकाचे दोन. शिंदे सरांच्या वहीत अगदी हेच होतं. बाद कोणीच नव्हतं.

"असं कसं चालंल?" म्हात्रे सर म्हणाले. "न सांगता नंबर बदलला, टेक्निकल फाउल द्या त्यांना. मॅडम, तुमी सांगा ना. तुमी आपल्या शाळेच्या की त्यांच्या?"

 उद्या त्यांच्याच समोर रजेचा अर्ज ठेवायचा होता, हे मला आठवलं.

"सर," मी म्हटलं, "बिब्स आपल्या होत्या."

म्हात्रे सर आमच्या बेंचकडे वळले. डिसोझाने शिंदे सरांना ताकीद दिली की रेफ्रीला विचारल्याशिवाय नंबर बदलता येत नाही. मला म्हणाला, "शीटवर मी सही करेपर्यंत फाउलची चूक सुधारता येते. करा." मी खाडाखोड केली, डिसोझाने बाजूला सही केली. मुलींनी बिब्स परत बदलल्या. सात मिनिटं गेली होती.

त्या फाउलसाठी मिळालेल्या दोन फ्री थ्रोपैकी आमच्या मुलीचा एक बास्केटमध्ये पडला. बेचाळीस-चाळीस. सानिकाने खांद्यावरून निसटणारी बिब दातात धरून बॉल नेला आणि बरोबरी केली. मग वीस सेकंद राहिले असताना पल्लवीने आमच्या मुलीला अडवताना हात मारला. पाचवा. या वेळी कोणाला मोजावं लागलं नाही. तिने स्वतःच हात वर केला आणि बेंचवर जाऊन तोंडावर टॉवेल ओढून बसली. आमचा एक फ्री थ्रो चुकला, एक बास्केटमध्ये पडला. त्रेचाळीस-बेचाळीस. आम्ही जिंकलो.

म्हात्रे सरांनी शीटवर सही करताना ती खाडाखोड बराच वेळ पाहिली. म्हणाले, "लहान साइजच्या बिब्स आनायला पायजेत." माझ्या रजेवरही त्यांनी दुसऱ्या दिवशी सही केली.

मॅचच्या संध्याकाळी करंजाडेला घरी गेल्यावर मी ते शीट पुन्हा डोळ्यांसमोर आणत होते. त्या पोरीने मुकाट्याने बेंच गाठला असता, तर शीट एकदम स्वच्छ राहिलं असतं. मी ते समाधानाने फाइल केलं असतं. बावीस वर्षांत अशी किती स्वच्छ शीटं मी फाइल केली असतील, याचा अंदाज मला करता येत नाही.

आता हाफटाइमनंतर मी दोन्ही टीमना ओळीत उभं करते आणि नंबरासोबत नाव विचारते. दोन मिनिटं जातात. आयोजक कुरकुरतात. कुरकुरू देत.