मौन सुटल्यावरच्या गप्पा

बोलणाऱ्या बाईचे किस्से जागच्या जागी खर्च होतात. मौन धरलेल्या बाईचे साठत जातात, आणि मौन सुटलं की एकदम बाहेर येतात. आमचे एका चातुर्मासात रोज सकाळी साठायचे आणि दुपारी माझ्या ओट्यावर सुटायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापुरात, एसटी स्टँडच्या मागच्या आळीत आम्ही तिघी. दर चातुर्मासात काही ना काही नेम धरायचा हा माझा शिरस्ता. त्या वर्षी सकाळच्या आंघोळीपासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन धरलं. शेजारच्या सुशीलावहिनींचा वर्षावास त्याच दिवसांत. संध्याकाळी त्या विहारात ग्रंथवाचन ऐकायला जायच्या. "सकाळी गप्प राहिलं तर ऐकलेलं मुरतं," म्हणाल्या आणि सामील झाल्या. तिसरी कमळ. तिचं कारण निराळं होतं.

तिच्या मंदाचा पुण्याला नर्सिंगला नंबर लागला होता. पण कमळच्या सासऱ्यांनी, आबांनी, कोऱ्हाळ्याचं स्थळ बघून ठेवलेलं. तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा. कमळचा नवरा आबांच्या शब्दाबाहेर नाही.

कमळ म्हणाली, "मला पोरीला शिकवायचीच हाय. पण आबा सकाळच्या गाडीनं गावाकडनं, लोणीहून आले, समोर बसले, की माझ्या तोंडातनं आपोआप 'व्हय' निघतं. मग ते तोंडच बंद ठेवते."

मला जरा खटकलं. व्रत देवासाठी असतं. सुशीलावहिनी म्हणाल्या, "माई, खरं बोलायचं धाडस होत नसेल, तर निदान खोटं तरी बोलू नये. तेही पुण्यच." मला पटलं. मी कमळच्या हातावर देवापुढची खडीसाखर ठेवली.

*

पहिल्याच आठवड्यात आमचे हे माझ्याशी ओरडून बोलायला लागले. माणूस बोलत नाही म्हणजे त्याला ऐकूही येत नसणार, असा त्यांचा हिशेब. एकदा न्हाणीघरातून ओरडले, "टॉवेल कुठाय?"

मी गप्प. पण समोरच्या घरातून उत्तर आलं, "काका, दोरीवर बघा!"

*

सुशीलावहिनींची नणंद बारामतीला. तिचा सकाळी फोन आला. सवयीने वहिनींनी उचलला, आणि मग लक्षात आलं, बोलता येत नाही. ठेवला तर ती रागावणार. कानाला लावून उभ्या राहिल्या. नणंदेने आधी दोनदा हॅलो केलं, मग सुरुवात केली ती थेट लग्नातल्या मानपानापासून. सगळं बोलून झालं, मग नाक ओढून म्हणाली, "वहिनी, इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच माझं पूर्ण ऐकून घेतलंत."

दुपारी वहिनी कपाळाला हात लावून आल्या. "आता रोज सकाळी फोन करते म्हणाली हो."

*

भाजीवाले तात्या दारावर यायचे. मौनात घासाघीस कशी करणार? मी मेथीच्या जुडीकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, आणि मनात नामस्मरण चालू ठेवलं. तात्यांनी भाव सांगितला. मी बघतेच आहे. त्यांनी भाव उतरवला. माझं नाम चालूच.

"वैनी, आसं बघू नगा," तात्या म्हणाले. "घ्या, कोथमीर वर घ्या. पर बोला काय तरी."

*

कमळचं मात्र अवघड झालं. एका सकाळी आबा आले आणि विचारलं, "सूनबाई, कोऱ्हाळ्याला सांगावा धाडू नव्हं?"

दुपारी ती रडवेली होऊन ओट्यावर आली. "तोंड मिटलं हुतं हो माई. पर मान हालली!"

आबा खूश होऊन सांगावा धाडायला गेले होते.

रडून काय उपयोग? त्या दुपारपासून आम्ही मानेचा सराव सुरू केला. मी पदर फेट्यासारखा गुंडाळून आबा झाले, घसा खाकरला, विचारलं, "सूनबाई, व्हय नव्हं?" मान हलली. सुशीलावहिनींनी मागून तिची वेणी धरली. "पुन्हा विचारा, माई." पुन्हा हलली. वेणी ओढली गेली, कमळ कळवळली. रोज तेच. गौरी-गणपती येईपर्यंत कमळ माझ्यापुढे खांबासारखी उभी राहायला लागली.

"पर तुमी काय खरे आबा न्हाय," ती म्हणाली.

*

खरे आबा कोऱ्हाळ्याच्या मुलाच्या मामांना घेऊन सकाळीच आले. मंदाची ॲडमिशन घ्यायचा तो शेवटचा दिवस. त्या दुपारी कमळ ओट्यावर आलीच नाही. आली ती दुसऱ्या दिवशी, आणि तिने सांगितलं ते असं.

चहा पुढे केला तेव्हा आबा म्हणाले, "सूनबाई, शब्द देऊन टाकू नव्हं?" तिची मान हलली नाही.

मामा म्हणाले, "बाई बोलंनात काय?"

"व्रत हाय तिचं," आबा म्हणाले. "गप हाय म्हंजे व्हयच की."

कमळने ट्रे खाली ठेवला. आत गेली, मंदाची भरून ठेवलेली ट्रंक उचलली, मंदाचा हात धरला आणि पाहुण्यांच्या पुढ्यातून स्टँडच्या वाटेला लागली. आबा मागोमाग. "अगं कमळे, पाव्हणं बसल्यात घरात!" ती थांबली नाही. पुण्याची गाडी लागलेली होती. दोघी चढल्या. मागून धापा टाकत आबाही चढले आणि समोरच्या बाकावर टेकले.

गाडी सुटली. कंडक्टर आला. "मावशी, कुठं जायचं?"

मौन सुटायला अवकाश होता. मंदा आजोबांसमोर तोंड उघडत नाही, ती खाली बघत बसलेली. कंडक्टर पंच वाजवत उभा. "अहो मावशी, कुठलं देऊ?"

कमळने आबांकडे बघितलं. मान ताठ.

आबांनी बंडीच्या खिशात हात घातला. मग म्हणाले, "पुण्याची दोन द्या."

कंडक्टरने तिकिटं फाडायला घेतली.

"थांबा," आबा म्हणाले. "तीन द्या."