मी पाडलेला उजवा कौल

देवीच्या कृपेविषयी लिहिणारी माणसं सहसा आपल्या भक्तीपासून सुरुवात करतात. माझी सुरुवात भीतीपासून झाली. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, अचानक गेला आणि पनवेलच्या कडेला असलेला आम्हा दोघांचा बर्फाचा कारखाना एकट्या माझ्या गळ्यात पडला. मासळीवाल्यांना बर्फाच्या लाद्या पुरवायचा आमचा धंदा. तो मशीनवर कमी आणि दादाच्या गोड बोलण्यावर जास्त चालायचा, हे तो गेल्यावर कळलं. मी पडलो तुसडा. उधारी मागायला गेलो तरी भांडून परत यायचो. एकेक गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं आणि दादाने उभं केलेलं मी बुडवणार, ही धास्ती मनात घर करून बसली.

अशा वेळी माणसं देवळात जातात. मी व्याख्यानांना जाऊ लागलो. दर रविवारी सकाळी पनवेलमधल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये धंदेवाल्यांची बैठक भरायची. तिथे यशस्वी उद्योजक, गुंतवणूकदार, कुठल्या कुठल्या कंपन्यांचे प्रमुख येऊन आपण मोक्याच्या वेळी निर्णय कसा घेतला ते सांगत. मी पहिल्या रांगेत. गाडी चालवतानाही कानात तसलीच भाषणं. त्यांतलं बरंचसं खरं होतं, ते मी आजही नाकारत नाही. सगळी माहिती हातात येईपर्यंत थांबलं तर संधी निघून जाते, हे खरंच आहे. पण माझ्या मनात रुतलं ते एका पाहुण्याचं वेगळंच सांगणं: समोरच्याला पटवायचं असेल तर आपली कारणं सांगत बसू नका, त्याचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याच तोंडून त्याला सांगा. त्या माणसाला कदाचित काही वेगळं म्हणायचं असेल. मी मात्र मला हवं तेवढंच घरी आणलं.

त्याच बैठकीत एक गुंतवणूकदार भेटले. कारखान्याची जागा न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यालगत. तिथे निर्यातीच्या मासळीसाठी मोठं शीतगृह उभारायचं, त्यांचा पैसा आणि माझी जागा, असा प्रस्ताव होता. अट एकच, जागा एकाच्या नावावर हवी. दादा गेल्यावर त्याचा अर्धा वाटा वहिनींच्या नावे झाला होता. म्हणजे वहिनींनी हक्कसोडपत्रावर सही करायला हवी होती. कागदावर त्यांचं काहीच उरणार नव्हतं. पुढे कंपनीत त्यांचा हिस्सा ठेवू, असं मी म्हणत होतो. पण ते मनातल्या मनात. वहिनींना तसं एकदाही म्हणालो नाही.

वहिनी चिरनेरच्या. दादाला आणि त्यांना मूलबाळ नाही. दादा गेल्यापासून त्यांचे भाऊ त्यांना सांगत होते, वाटा घे आणि माहेरी निघून ये. त्या हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. मी त्यांना शीतगृहाचे आकडे दाखवले, नकाशा दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळत नाय, भावोजी. गावदेवीला इचारते, मंग सांगते."

आमच्याकडे देवीला विचारणं म्हणजे कौल घेणं. देवीच्या दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं ओली करून चिकटवायची. विचारणाऱ्याने आपला प्रश्न मनात धरायचा, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. फुलं घरच्या कर्त्या पुरुषाने लावायची. दादा असताना दादा लावायचा. आता तो मान माझ्याकडे आला होता. वहिनींचा विश्वास कुणावर आहे, हे त्यांनी स्वतःच्याच तोंडाने मला सांगून टाकलं होतं, आणि रविवारचा धडा माझ्या डोक्यात ताजा होता.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. डावं फूल मी पाण्यात पुरतं बुडवलं, वर देठाला गंधाचं बोट फिरवलं आणि देवीच्या खांद्यावर दाबून बसवलं. उजव्याला नुसतं पाणी दाखवलं. गुरवकाकांचे डोळे मिटलेले होते. वहिनी हात जोडून उभ्या होत्या. देवीचे डोळे मात्र उघडे होते, पण तेव्हा मला तो दगड वाटत होता. गाऱ्हाणं पुरतं संपलंही नाही, तोच उजवं फूल खाली आलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि हमसून रडल्या. बाहेर पायरीवर बसून म्हणाल्या, "भावोजी, कुठं सही करायची ती दाखवा. करते मी." मला आनंद झाला. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या रविवारी बैठकीत मी हा किस्सा खुलवून सांगितला. लोक हसले, टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, याला म्हणतात निर्णयक्षमता. मी मान लववून टाळ्या घेतल्या.

नोंदणीच्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो तर सर्व्हर बंद. बाकांवर माणसं ताटकळलेली, वकील फोनवर बोलत बाहेर गेलेले. मी चडफडत होतो. वहिनी मात्र एखाद्या लग्नाला आल्यासारख्या प्रसन्न होत्या. घरातही त्या बदलल्या होत्या. दादा गेल्यापासून पाहुण्यासारख्या वावरणाऱ्या वहिनींनी त्या आठवड्यात माळा झाडून काढला होता, माझ्या बायकोला हक्काने दोन शब्द सुनावले होते, अंगणात मिरचीची रोपं लावली होती. कागदावरचं सोडून द्यायला निघालेली बाई घरात मुळं कशी धरते, हे कोडं मला पडायला हवं होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. बराच वेळ ते वहिनींच्या हातातल्या कागदांकडे पाहत होते. मग म्हणाले, "ताई, राग मानू नका. काय आहे ते वाचून घेतलंत ना? इथे सही करून नंतर रडणाऱ्या बायका मी पाहिल्यात."

वहिनी हसल्या. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "वाचायचं कशाला? ह्ये माझे दीर हायेत. देवीनंच सांगलंय मला, हा तुझा मानूस हाय."

ते गृहस्थ माझ्याकडे वळले. "मग तुम्ही भाग्यवान," एवढंच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, ते मला जमतं. त्यांनी ते खरं धरून म्हटलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळाने ते चहाला म्हणून उठले. ते कोण, कुठले, त्यांचं काय काम होतं, मी विचारलं नाही. पुन्हा कधी दिसलेही नाहीत. त्यांना देवीने पाठवलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी कचेरीत सर्व्हर चालू असता आणि बाकावर दुसरं कुणी असतं, तर मी सही घेऊन मोकळा झालो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी वहिनींना आवारातल्या पिंपळाखाली नेलं आणि सगळं सांगितलं. पाणी, गंध, बैठक, टाळ्या, काही लपवलं नाही. त्यांच्याकडे पाहायची हिंमत नव्हती. त्या संतापतील, रडतील, भावांना फोन लावतील, सगळ्याची तयारी ठेवली होती. शेवटी म्हणालो, "वैनी, जमिनीचा कौल खोटा होता. तुम्ही सही करू नका."

"जमिनीचं मी इचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

मला समजेना. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग हळू आवाजात सांगितलं, "मी देवीला म्हटलं, ते गेले. आता ह्या घरात माझं कोन हाय का? भावोजी मला आपलं मानतील, का उठून चिरनेरला जाऊ? उजवी दिलीस तर रायन, डावी दिलीस तर जाईन. जमिनीचं काय, आपल्या मानसाला देयाची ती."

जमीन लुबाडणं एक वेळ पोटात घालता आलं असतं. पण एका एकट्या बाईने जगायचं कुठे, हे देवीला विचारलं आणि त्याचं उत्तर मी गंधाच्या बोटाने ठरवलं. त्यांचं ते माळा झाडणं, मिरचीची रोपं, सगळं माझ्या लबाडीवर उभं होतं. मी म्हणालो, "म्हणजे तेही खोटंच ठरलं."

वहिनींनी रस्त्याकडे पाहिलं. कंटेनरच्या गाड्या एकामागून एक जात होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग होता, पहिल्यांदाच. "फूल तुमी पाडलंत ना, भावोजी? मंग आता ते खरं पण तुमीच करा."

आम्ही कागद घेऊन घरी आलो. गुंतवणूकदार थांबले नाहीत, त्यांनी का थांबावं? त्यांचं शीतगृह दुसऱ्याच्या जागेवर उभं राहिलं आणि झकास चाललंय. जाता येता दिसतं आणि हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? आमचा कारखाना आता लग्नाच्या मांडवांना आणि रसवंत्यांना बर्फ देतो. वाढत नाही, पण बुडालाही नाही. जागा दोघांच्या नावावर आहे आणि राहील. बैठकीला मी अजून जातो. एका रविवारी उभा राहून तो किस्सा पुन्हा सांगितला, या वेळी शेवटापर्यंत. टाळ्या पडल्या नाहीत, ते बरं झालं.

देवीसमोर मी कितीतरी दिवस मान वर केली नाही. अजूनही नीट करवत नाही. मी तिला फसवायला गेलो होतो आणि तिने माझ्याच हातून माझा शब्द घेतला. त्या शब्दाच्या मागे चालणं एवढंच माझं काम, पुढचं ती पाहील, असं आता वाटतं आणि भीती बरीच कमी झाली आहे. यालाच कृपा म्हणत असतील तर ती माझ्या पात्रतेने आलेली नाही. वहिनींनी हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, माहेरीही नाही. भाऊ न्यायला आले तेव्हा त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं, "माझं मानूस हाय हितं." मी तिथेच उभा होतो, मान खाली घालून. त्या कधी सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिलं.